कंप्युटरातला न दिसणारा मालक

ऋतुजा, जरा जवळ ये बाई. म्हणजे फोन तिकडे ओट्यावर उभा करून इकडे भाजी चिरत नुसतं ‘हं, हं’ करतेस ना, तसं आज करू नको. हे मी बोलत नाही, लिहून ठेवते आहे, आणि लिहिलेलं अर्ध्या कानानं ऐकता येत नाही. मागच्या वेळी तू सहज विचारलंस, ‘मोठीआई, तुला गं कंप्युटर कोणी शिकवला?’ मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तुझी मीटिंग लागली. असं करतात का? म्हाताऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवायचा, हे तुझ्या पुण्यात चालत असेल, देऊळघाटात चालत नाही. तर आता बूड टेकव आणि ऐक. दुसऱ्या कोणी ऐकलं तरी हरकत नाही. यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

स्वतःची कहाणी लिहिणारे लोक लहानपणाला वाढण्याचे दिवस म्हणतात. मीही मागं माझ्या माहेरचं, विहिरीचं, शाळेचं लिहिलं. पण आता वाटतं, तेव्हा मी नुसती उंच झाले. सातवीला शाळा सुटली, पुढं लग्न झालं, सासरी आले, तीही कोणीतरी उचलून इथून तिथं ठेवल्यासारखी. मोठी मी झाले ती पस्तिशीला आल्यावर, आणि ती तुझ्या आईनं आणलेल्या एका डब्यासमोर. म्हणून हे प्रकरण माझ्या मोठं होण्याचं आहे, असं समजून वाच. तू तेव्हा चालायला नुकती शिकली होतीस आणि दिसेल त्या वायरला लोंबकळत होतीस.

आपलं घर तेव्हा भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. तुझे मोठे बाबा, म्हणजे आमचे हे, उजाडायच्या आत माल घेऊन बुलडाण्याच्या बाजारात जायचे आणि नऊ-दहाला अंगाला मेथीचा वास घेऊन परत यायचे. घरात सासूबाईंचा कारभार. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, तुझी आजी ती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी अशा थापायच्या की शेजारची बाई आवाजावरून सांगायची, आज आत्याबाई रागात आहेत की खुशीत. तुझा बाप शेखर, माझा धाकटा दीर, शिकलेला, बुलडाण्याला एका छापखान्यात कामाला होता आणि गावोगावच्या लग्नपत्रिकांचं काम धरून आणायचा. आणि मग त्याचं लग्न झालं, तुझी आई आली. तिच्या बाबांनी आंदणात लोखंडी कपाट द्यायचं ठरवलं होतं. हिनं सांगितलं, कपाट नको, कंप्युटर द्या, मेहकरला मी त्याचा कोर्स केला आहे. त्यावर आत्याबाई महिनाभर म्हणत होत्या, ‘मंग लुगडे काय त्या टीव्हीत ठेवीन काय हे?’

कंप्युटर मधल्या खोलीत बसवला तेव्हा आत्याबाईंनीच त्याच्या काचेला हळदीकुंकू लावलं. नारळ मात्र शेखरनं अंगणात नेऊन फोडायला लावला, पाणी उडलं तर डब्याचं वाटोळं होईल म्हणून. सगळं बसवलं तुझ्या आईनंच. सीडीच्या चकत्या घालत होती, काढत होती, मध्येच थांबून पडद्यावर इंग्रजीत काय विचारलं ते वाचत होती. मी तिथंच बाजूला पातोडीचं बेसन घोटत बसले होते. एकीकडे माझा चाटू पातेल्यात, दुसरीकडे त्या डब्याच्या पंख्याची घरघर आणि मागच्या गल्लीतली पिठाची चक्की टुकटुकत असलेली. लाइट गेली की खाली ठेवलेला बॅटरीचा डबा टिटवीसारखा ओरडायचा आणि आत्याबाई कुठंही असोत, ‘झाली व रात झाली’ म्हणायच्या, भरदुपारी. ते आवाज आठवले की अजून मला बेसनाचा वास येतो.

दुपारी जेवणं उरकली, आत्याबाई लवंडल्या, की ती एक घडी आमची दोघींची. तुझी आई म्हणायची, ‘ताई, बसा.’ मी म्हणायचे, ‘मले काय समजते त्यातलं?’ ती म्हणायची, ‘भाकर करायले बसल्या होत्या तवा पयल्या दिवशी समजत होती काय?’ इंग्रजी अक्षरांच्या बटणांतून मराठी अक्षरं निघतात, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मग तिनं काय केलं माहीत आहे? आमच्या दोघींच्या टिकल्यांची पाकिटं आणली. कान्याच्या बटणावर लाल टिकली, वेलांट्यांना हिरव्या, अनुस्वाराला बारीक काळी. महिना-दीड महिन्यात माझी बोटं टिकल्या न बघता चालायला लागली. तुझ्या बापाला आधी पत्ताच नव्हता. एक दिवस बाहेरून येऊन पाहतो तर मी एकटी बसून मोताळ्याकडच्या कोणाची पत्रिका टाइप करून लावते आहे. म्हणाला, ‘वहिनी, ह्या टिकल्या काऊन लावल्या बाप्पा मशिनीले? तिचं लगन हाये काय?’ पण हसला, रागावला नाही. तो मुळात वाईट नव्हता, हे मी तुला आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचा राग येईल तुला.

पत्रिका लावता लावता आम्हा दोघींच्या एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडच्या पत्रिकेत नावांची केवढी रांग असते. निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक, शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरंसोरं. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावरून भावकीत वर्ष-वर्ष बोलणं बंद पडतं. तर त्या रांगेत मुलीचं नाव लहानपणी त्या पोरासोरांत येतं, मग तिच्या लग्नात नवरी म्हणून येतं, आणि पुढं कायमचं गायब. त्यानंतर ती ‘सौ. व श्री.’ मधली सौ. राहते, नावाशिवायची. मी इतक्या पत्रिका वाचल्या होत्या आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. टाइप करायला बसल्यावर दिसलं. बोटांना कळतं ते डोळ्यांना कळत नाही कधी कधी.

मग भावकीतच लग्न निघालं, तुझ्या बापाच्या चुलतभावाचं. पत्रिका अर्थातच आपल्या घरी. तुझ्या आईनं निमंत्रकांची नावं लावली आणि प्रत्येक पुरुषाच्या शेजारी त्याच्या बायकोचं नाव लावलं. आत्याबाईंचंही. शेखरनं घाईत वरची देवाची चित्रं आणि तारीख तेवढी पाहिली आणि छापायला घेऊन गेला. पत्रिका वाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी चावडीसमोर कोणीतरी सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालं, ‘काय बे शेखर, तुमच्या घरी आता बायाच आवतन देतात काय? मंग पंगतीतही त्याच बसतीन.’ बसलेले सगळे हसले.

तो घरी आला. बूट न काढता मधल्या खोलीत गेला, कंप्युटरसमोर बसला आणि धडाधड बटणं आपटली. त्यावर आम्हा सगळ्यांचं एकच खातं होतं, ‘घर’ नावाचं, त्याला कुलूप नव्हतं, कोणीही बसावं. त्यानं त्याला पासवर्ड घालून टाकला. उठून म्हणाला, ‘आता मले इचारल्याबिगर कोनी याले हात लावायचा नाई.’

तुझी आई भाकरी टाकत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात ठेवली, हात धुतले. मग म्हणाली, ‘नाव चुकलं असतं तर मी माफी मागितली असती. चुकलं कोनतं ते सांगा.’ तो बूट काढायला बाहेर निघून गेला. सकाळी तिनं तुला कडेवर घेतलं, एक पिशवी घेतली आणि एस.टी.नं बीबीला माहेरी निघून गेली. भांडण नाही, रडणं नाही. अशा जाण्यानं घाबरायला होतं. रडून जाणारं माणूस परत येतं हे आम्हाला माहीत होतं. न रडता जाणाऱ्याचं काही सांगता येत नव्हतं.

त्याच दिवशी शेखर पत्रिकांचं काम करायला बसला आणि त्याचं त्यालाच कुलूप उघडेना. रागात काय टाकलं ते आठवेना. शिव्या टाकल्या असतील म्हणून शिव्याही टाकून पाहिल्या, माझ्यासमोर नाही, पण मला कळलं. चार गावच्या लोकांच्या पत्रिका आत अडकल्या. शेवटी डबा मोटरसायकलला बांधून बुलडाण्याला दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो तसाच परत घेऊन आला. दुरुस्तीवाला म्हणाला होता, ‘आत एक मोठा मालक असतो, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. तो नेहमीच्या पडद्यावर दिसत नाही. चालू करताना वरच्या ओळीतलं एफ-आठचं बटण दाबत राहा, सेफ मोड निवडा, मग तो दिसेल. तो बाकी सगळ्यांची कुलपं काढू शकतो. पण त्याचा पासवर्ड ज्यानं मशीन बसवलं त्यालाच माहीत. तो नसेल तर मी सगळं पुसून नवं टाकतो, आतलं काही राहणार नाही.’

शेखरनं घरी ते करून पाहिलं. तो मोठा मालक दिसला खरा, पण दारातच उभं राहून पासवर्ड मागत होता. यानं स्वतःचं नाव टाकलं, बायकोचं टाकलं, तुझं टाकलं, कुलदैवताचं टाकलं. काही नाही. मग फोनजवळ जायचा, बीबीला त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन होता तिथला नंबर फिरवायचा, आणि कोणी उचलायच्या आत ठेवून द्यायचा. आत्याबाई हे सगळं तांदूळ निवडत पाहत होत्या. एकदा म्हणाल्या, ‘उचलल्यावर काय बोलायचं ते ठरवून घेय आधी.’ तुझा पाळणा अंगणातल्या खांबाला तसाच होता. वाऱ्यानं हलला की आत्याबाई त्याला धरून थांबवायच्या. रिकामा पाळणा हलू देऊ नये म्हणतात.

खरं सांगते, मला पत्रिकांची फिकीर नव्हती. लोकांनी दुसरीकडून छापून घेतल्या असत्या. मला तुम्ही दोघी घरी पाहिजे होतात. दुपारची ती घडी आता इतकी मोठी झाली होती की संपता संपत नव्हती. आणि मला दिसत होतं, हा डबा जर पुसून नवा केला, तर शेखर म्हणणार की झालं, हिच्यावाचून काही अडत नाही. मग तो कशाला जाईल, आणि ती कशाला येईल.

मी चहा ठेवता ठेवता म्हणाले, ‘मी जाते बीबीले. पासवर्ड इचारून येते.’

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. ‘तू? एकटी?’

त्यांचं बरोबर होतं. मी बुलडाण्याच्या पुढं एकटी कधी गेले नव्हते. तुझे मोठे बाबा बशीत चहा ओतत होते. त्यांनी फुंकर मारली, एक घोट घेतला आणि म्हणाले, ‘चिखलीले गाडी बदलजो. मेहकरले उतरजो, तिथून बीबीची भेटते. खिडकीपाशी बसजो, तुले गाडी लागते.’ एवढंच. जाऊ की नको हा प्रश्न त्या माणसानं मधूनच काढून टाकला.

बीबीला पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तुझी आई अंगणात बाजेवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे, आपले पापड, उलटत होती आणि तू त्यातला एक ओलाच खात होतीस. मला पाहून तुझे आजोबा उठून उभे राहिले. ‘या की, या. एकट्याच आल्या व्हय? पाणी आण गं.’ त्यांच्या बोलण्याला तिकडची, जालन्याकडची ढब. बिचारे माझ्या मागं बघत होते, अजून कोणी येतंय का म्हणून. कोणी नव्हतं.

तुझ्या आईनं पाणी दिलं आणि विचारलं, ‘त्यायनं पाठवलं?’

‘नाई. मी आली.’

‘काऊन?’

‘कुलूप त्यायलेच उघडत नाई म्हून.’ मी सगळं सांगितलं. शिव्या टाकून पाहिल्याचं सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली, आणि मला वाटलं जमलं. पण लगेच गंभीर झाली. बिबडा उलटत म्हणाली, ‘ताई, मी रुसून नाई आली. रुसली असती तर दोन दिवसांत मीच परत आली असती. तिथं मले बसायले जागाच राह्यली नाई. माह्या डब्याले माह्यासमोर कुलूप लावलं.’

‘मंग तो पुसून टाकतीन ते. तू शिकवलेलं सगळं जाईन.’

‘पुसायचं काम नाई. पासवर्ड तुमच्याजवळ हाये.’

मी म्हटलं, ‘माह्याजवळ? मले कोनं देल्ला?’

ती म्हणाली, ‘कंप्युटर बसवला त्या दिवशी तुमी बेसन घोटून राह्यल्या होत्या. मी मधातच तुमाले इचारलं, ताई, तुमचं माहेरचं नाव काय? आठवते?’

मला आठवलं. आपल्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात, तू पाहिलं आहेस. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीनं नवं नाव लिहितो. मग तो ताट हलवतो, तांदूळ सरसर सारखे होतात आणि जुनं नाव कोणी पुन्हा घेत नाही. तुझ्या आईचं कुसुमचं श्वेता झालं, शेखरला जुळेल असं. माझं शोभा झालं. ‘द्वारका’ म्हणून मला शेवटची हाक माझ्या आईनं मारली होती, ती गेल्यावर ते नाव मलाही लागत नव्हतं. बेसन घोटता घोटता मी तुझ्या आईला ते सांगितलं आणि विसरून गेले.

‘त्या मोठ्या मालकाले पासवर्ड पाहिजे होता,’ ती म्हणाली. ‘म्या इचार केला, असं नाव टाकावं का या घरात कोनी घेत नाई, कोनाच्या ध्यानात येनार नाई. माहं टाकलं असतं तर यायले माहीत होतं. तुमचं कोनालेच माहीत नव्हतं. आन मनात म्हटलं, मले काई झालं तर ताई उघडू शकतीन. सांगनारच होती. पन कधी अडलंच नाई.’

मी त्या बाजेच्या कडेला बसले. बिबड्यांचा आंबूस वास येत होता. तुझ्या तोंडातला ओला बिबडा काढून घेतला आणि तू भोकाड पसरलंस. तेवढ्यावर आमचं निभावलं. सकाळी निघताना मी तिला चल म्हटलं नाही. न म्हणण्यासाठी जीभ चावून धरावी लागली. मी म्हटलं असतं तर ती माझ्यासाठी आली असती, आणि मग ते कुलूप पुन्हा कधीतरी लागलंच असतं.

घरी आले तेव्हा लाइट होती. मी पाय धुतले आणि सरळ मधल्या खोलीत गेले. शेखर मागून आला, ‘काय म्हनली?’ मी म्हटलं, ‘थांबा.’ आत्याबाई दाराशी येऊन बसल्या. मी बटण दाबलं आणि एफ-आठवर बोट ठोकत राहिले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या, त्यातली एक निवडली, आणि खूप वेळानं सगळा पडदा काळाच राहिला, फक्त चार कोपऱ्यांत ‘सेफ मोड, सेफ मोड’ असं लिहिलेलं. अक्षरं मोठी मोठी, ओबडधोबड. आत्याबाई म्हणाल्या, ‘जळला काय?’ शेखर म्हणाला, ‘नाई, असंच दिसते ते.’ मग मधोमध तो मालक आला, नावाखाली एक रिकामी पट्टी घेऊन.

मी माझं नाव टाकलं. इंग्रजीत कसं टाकलं आहे ते तिनं माझ्या तळहातावर बोटानं लिहून दाखवलं होतं. पट्टीत अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात. स्वतःचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा टाइप केलं आणि तेही ठिपक्यांत. पण उघडलं.

शेखर खुर्चीच्या पाठीला धरून वाकला. ‘काय टाकलं, वहिनी?’

‘द्वारका.’

‘कोन द्वारका?’

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. तुझे मोठे बाबा वांग्यांचं पोतं खांद्यावरून उतरवत होते. ‘तुही वहिनी हाये बे ते,’ ते म्हणाले. पोतं भिंतीला टेकवलं आणि हात झटकत पुन्हा म्हणाले, ‘तिचं नाव हाये.’

इतकी वर्षं ज्या माणसानं मला ‘ऐकलं काय’शिवाय हाक मारली नव्हती, त्याला ते ठाऊक होतं आणि त्यानं ते जपून ठेवलं होतं. मी पडद्याकडेच बघत राहिले. मागं वळले असते तर सगळ्यांसमोर माझं तोंड दिसलं असतं.

शेखर म्हणाला, ‘बरं मंग काढा कुलूप, वहिनी. पत्रिका देनं हाये लोकायले.’

आणि इथं बघ, ऋतुजा, मी मोठी झाले. मी ‘घर’चं कुलूप काढलं आणि त्याच्या जागी दुसरं घातलं. हे कसं करायचं तेही तिनं मला नीट समजावून पाठवलं होतं, फक्त दुसरं घाल असं तिनं सांगितलं नव्हतं. ते माझं. खुर्ची वळवून मी म्हटलं, ‘भाऊजी, पत्रिका मी आजच बसून पुऱ्या करते, कोनाचं काम अडनार नाई. पन नवा पासवर्ड मी श्वेताले सांगीन. तुमाले पाहिजे असंन तर तिच्याजवळून घ्या. बीबीले जाऊन.’

लग्न होऊन आल्यापासून मी त्या घरात कोणाला ‘हे असं होईल’ म्हणून सांगितलं नव्हतं. शेखरचा चेहरा लाल झाला. त्यानं आपल्या भावाकडं पाहिलं. भाऊ वांगी निवडत होता, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. वर न बघता म्हणाला, ‘मेहकरहून सकाळची गाडी हाये. सांजेच्याले गर्दी रायते.’

‘आन लोकं?’ शेखर म्हणाला. ‘चावडीवर काय सांगू मी?’

त्याला उत्तर दिलं आत्याबाईंनी. म्हणाल्या, ‘सांगजो का मायनंच टाकाले लावलं नाव. मले बरं वाटलं होतं ते पाहून. रोहिनखेडची माही बहीन पत्रिका घेऊन आली होती, बोट ठेवून दाखवत होती मले, हे पाय, हे तू.’ आणि मग काचेकडं बघत, अगदी हळू, ‘माह्या माहेरी मले ठकू म्हनत. त्या डब्यात तेही बसते काय व?’

मी हसू का रडू ते कळेना. म्हटलं, ‘बसते आत्याबाई, लई जागा हाये त्यात.’

शेखर दोन दिवस घुम्यासारखा फिरला आणि तिसऱ्या दिवशी दाढी करून निघाला. तिथं काय बोलणं झालं ते तुझ्या आईनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच दिसलं की एस.टी.तून उतरून येताना तू त्याच्या खांद्यावर झोपली होतीस आणि पिशवीही त्याच्याच हातात होती. ती आत आली, पाय धुतले, आत्याबाईंच्या पाया पडली, आणि मधल्या खोलीत डोकावून म्हणाली, ‘ताई, टिकल्या निघाल्या ना दोन-तीन. नव्या आनू काय?’ मी म्हटलं, ‘आता कायले? बोटं चालतात.’ तरी तिनं त्या लावल्याच. नंतरच्या पत्रिकांत बायकांची नावं यायला लागली, सगळ्यांच्या नाही, ज्यांना पाहिजे त्यांच्या. पुढं तर लोक स्वतःहून म्हणायचे, आमच्या बाईचं टाका बरं का, मागच्या वेळी राहून गेलं. तो चावडीवरचा हसणारा माणूसही एकदा आला होता. त्याच्या बायकोचं नाव विचारलं तर आधी त्यालाच आठवायला वेळ लागला.

आता तो डबा केव्हाच भंगारात गेला. माझ्या हातातला फोन अंगठ्यानं उघडतो, नाव लागत नाही, गाव लागत नाही. सोय झाली, मी नाही म्हणत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न आहे. तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी नाव बदलायचं का म्हणून विचारलं आणि तू ‘मोठीआईला विचारते’ म्हणालीस, हे मला तुझ्या आईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. याबद्दलही रागवायचं आहे मला, पण ते समोरासमोर. फोनवर रागावलं की तू स्पीकर बारीक करतेस.

तर ये. सध्या ज्वारी हुरड्यात आली आहे, तुझे मोठे बाबा रोज शेतात आगटी पेटवतात आणि तुझी आई आणि मी, आम्ही दोघी म्हाताऱ्या, राखेतली कणसं चोळत बसतो, एकीला गरम लागतं म्हणून दुसरी फुंकर मारते. पंधरा-वीस दिवसांत कणसं कडक होतील, मग पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. त्याच्या आत ये, त्या मुलालाही घेऊन ये, त्याला वांग्याचं भरीत खाता येतं का ते मला बघायचं आहे. आणि निघताना आईला फोन करू नको. केलास की ती दोन दिवस आधीपासून सगळं घर झाडत सुटते आणि मलाही झाडायला लावते.